प्रत्ययाचा अधिकार : इंग्रजी विशेषणांतील आघात आणि मराठीतील आदिवृद्धी

राजस्थानच्या शासनव्यवहारात ‘राजस्थान प्रशासनिक सेवा’ हे नाव रूढ आहे. जयपूरच्या झोटवाडा भागातील हिंदी वाचकाला त्यात वावगे काहीच वाटत नाही. मराठी वाचकाच्या तोंडी मात्र ‘प्रशासकीय’ हे रूप येते. ‘संविधान’ या शब्दावरून हिंदीत ‘संवैधानिक’ हे विशेषण स्थिरावले आहे, तर मराठीत ‘सांविधानिक’ही योजले जाते. यांपैकी शुद्ध कोणते, असा प्रश्न सहज उद्भवतो. परंतु त्यामागे अधिक मूलगामी प्रश्न दडलेला आहे : प्रत्ययाचा अधिकार शब्दाच्या किती भागावर चालतो? इंग्रजीतील लॅटिनोद्भव प्रत्ययांच्या वर्तनाशी तुलना केल्यास या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

इंग्रजी विशेषणांचे प्रत्यय स्थूलमानाने दोन कुळांतले आहेत. ‘लेस’, ‘फुल’, ‘इश’ हे जर्मानिक कुळातले प्रत्यय मूळ शब्दाचा उच्चार अबाधित ठेवतात. ‘पेरेंट’मधील आघात पहिल्या अक्षरावर आहे, ‘पेरेंटलेस’मध्येही तो तेथेच राहतो. लॅटिनमधून आलेला ‘अल’ हा प्रत्यय मात्र आघाताची जागा नव्याने ठरवितो. प्रत्ययाच्या लगत आधीचे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर पडतो. म्हणून ‘पेरेंटल’मध्ये तो ‘रें’वर सरकतो. ते लघू असेल तर आघात आणखी एक अक्षर मागे जातो. म्हणून ‘पर्सनल’मध्ये तो ‘पर्’वरच राहतो. खुद्द लॅटिनचा आघातनियमही असाच होता. ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला ‘इक’ हा प्रत्यय बहुधा आपल्या लगतच्या आधीच्या अक्षरावर आघात ओढून घेतो : ‘अ‍ॅटम’–‘अ‍ॅटॉमिक’, ‘हिस्टरी’–‘हिस्टॉरिक’. ‘अ‍ॅरबिक’, ‘कॅथलिक’ असे अपवाद थोडे आहेत. नोम चॉम्स्की व मॉरिस हाले यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही व्यवस्था नियमबद्ध करून दाखविली.

मराठीने संस्कृतातून घेतलेला ‘इक’ हा त्या लॅटिन-ग्रीक प्रत्ययाचा सगोत्रच होय. तोही प्रकृतीला हात घालतो, पण आघाताने नव्हे, तर आद्य स्वराच्या वृद्धीने : समाज–सामाजिक, इतिहास–ऐतिहासिक, उद्योग–औद्योगिक. याच ‘उद्योग’ला ‘ई’ लागला की ‘उद्योगी’ होते आणि आद्य स्वर जागचा हलत नाही. ‘सरकारी’, ‘मराठवाडी’ यांतही तसेच घडते. ‘रसिक’, ‘धनिक’ यांत ‘इक’ असूनही वृद्धी नाही, याचे कारण पाणिनीने प्रत्ययाच्या अनुबंधातच नोंदविले आहे. ‘ठक्’ आणि ‘ठन्’ या दोहोंतील ‘ठ’च्या जागी ‘इक’च येतो, पण ‘ठक्’मधील ‘क्’ वृद्धी घडवितो, ‘ठन्’मधील ‘न्’ घडवीत नाही. कानाला एकच भासणारे हे प्रत्यय व्याकरणदृष्ट्या भिन्न आहेत.

दोन भाषांत एक महत्त्वाचा भेद आहे. देवनागरी लेखन वृद्धी डोळ्यांना दाखविते. इंग्रजी लेखन आघाताचे स्थलांतर झाकून ठेवते. ‘पेरेंट’ची अक्षरे ‘पेरेंटल’मध्ये जशीच्या तशी लिहिली जातात. त्यामुळे मुख्यतः वाचनाने इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी मूळ शब्दाचाच आघात विशेषणातही कायम ठेवतो. ही चूक नुसती पाठांतराने सुटत नाही. प्रत्ययाचे कूळ ओळखल्यास सुटू शकते.

आता ‘संविधान’कडे वळता येईल. ‘सांविधानिक’मध्ये प्रत्यय अखंड शब्दाला लागतो आणि शब्दाच्या आद्य स्वराची वृद्धी होते, पाणिनीय नियमाला हेच रूप धरून आहे. ‘संवैधानिक’मध्ये ‘वैधानिक’ हा तयार शब्द जाणवत राहतो आणि ‘सं’ त्याच्याआधी जोडलेला भासतो. ‘प्रशासनिक’मध्ये तर वृद्धीच नाही; मूळ शब्द ओळखू यावा, ही गरज तेथे नियमावर मात करते. इंग्रजीतही एकाच विशेषणाचा उच्चार कोणी पहिल्या अक्षरावर आघात देऊन ‘कॉम्परेबल’ असा करतो, तर कोणी ‘कंपेअर’ हे क्रियापद शाबूत ठेवून ‘कंपेअरेबल’ म्हणतो. पहिला उच्चार जुन्या नियमाशी इमान राखतो, दुसरा मूळ शब्दाच्या ओळखीशी.

मराठीने अनेकदा या पेचातून तिसरी वाट काढली आहे. ‘प्रशासकीय’मधील ‘ईय’ आणि ‘घटनात्मक’मधील ‘आत्मक’ हे प्रत्यय आद्य स्वराला धक्का लावीत नाहीत. म्हणून परिभाषाकोशकाराने पर्यायी रूपांपैकी एकावर अशुद्धतेचा शिक्का मारण्यापूर्वी, भाषकाला त्या शब्दात नियम अधिक जवळचा वाटतो की मूळ शब्द, हे तपासणे अगत्याचे आहे.