लंडनच्या टेकडीवरील सुवर्णदुर्ग

लंडन शहराच्या आग्नेयेस, ग्रीनिचच्या पलीकडे, शूटर्स हिल नांवाची एक झाडीनें भरलेली टेकडी आहे. तिच्या माथ्याजवळ विटांचा एक तिकोनी बुरूज उभा असून त्यास सेव्हर्नड्रूग कॅसल असें म्हणतात. सेव्हर्न ही इंग्लंडांतील एक मोठी नदी. तेव्हां हें नांव ऐकून तें तिकडचेंच असावें असा कोणाचाहि समज व्हावा. परंतु ज्यानें हर्णैच्या किनाऱ्यावर उभें राहून समुद्राकडे एकदां पाहिलें आहे, त्याच्या कानास ओळख पटावयास वेळ लागत नाहीं. हा आपला सुवर्णदुर्ग. इंग्रज खलाशांच्या जिभेवर घासून घासून त्याचें असें रूप झालें आहे.

हल्लीं पुष्कळ घरांतील मुलें व सुना नोकरीनिमित्त लंडनास असतात आणि आईबापें उन्हाळ्यांत तिकडे महिना-दोन महिने राहून येतात. राजवाडा, टॉवर, ब्रिटिश म्यूझियम हीं स्थळें सर्वच पाहतात. तीं पाहून झाल्यावर एक दिवस ह्या बुरुजासाठीं राखून ठेवावा, असें आम्हांस सुचवावयाचें आहे.

इमारत म्हणून पाहिलें तर हा बुरूज म्हणजे एक विलास आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील धनिकांस आपल्या बागेंत किंवा टेकडीवर दिसावयास रम्य, पण उपयोगास शून्य अशा वास्तु उभारण्याचा मोठा छंद होता. कोठें मुद्दाम पडकें बांधलेलें देऊळ, तर कोठें ज्यांत एकहि शिपाई राहावयाचा नाहीं असा किल्ला. अशा वास्तूस ते ‘फॉली’, म्हणजे वेडेपणा, असेंच स्पष्ट नांव देतात. शूटर्स हिलवरील फॉलीचा इतिहास मात्र निव्वळ हौसेचा नाहीं. त्याच्या मुळाशीं एका स्त्रीचा शोक आहे.

सर विल्यम जेम्स हा वेल्समधील एका गरीब घरांतला मुलगा. लहानपणींच तो समुद्रावर गेला, पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत शिरला आणि १७५१ सालीं मुंबईच्या आरमाराचा मुख्य झाला. १७५९ मध्यें तो पैसा व कीर्ति घेऊन स्वदेशीं परतला. तेथें तो कंपनीचा डायरेक्टर झाला, पार्लमेंटांत बसला, बॅरोनेट झाला आणि शूटर्स हिलच्या पायथ्याशीं एल्टम येथें जमीनजुमला घेऊन राहिला. १७८३ च्या डिसेंबरांत, मुलीच्या लग्नाच्याच दिवशीं तो वारला असें सांगतात. त्याची विधवा पत्नी लेडी ॲन जेम्स हिनें पुढच्याच वर्षीं, १७८४ सालीं, पतीच्या स्मरणार्थ हा बुरूज बांधविला. कंपनीचाच वास्तुशिल्पी रिचर्ड जप ह्यानें त्याचा आराखडा केला. उंची सुमारें ६३ फूट, तिन्ही कोपऱ्यांस षट्कोनी मनोरे, निमुळत्या कमानीच्या खिडक्या आणि माथ्यावर दंतुर कठडा, असें त्याचें रूप आहे. आमच्या किल्ल्याशीं त्याचें कांहींएक साम्य नाहीं. जुन्या वर्णनांवरून कळतें कीं, पूर्वीं प्रवेशदालनांत सुवर्णदुर्गावरून आणलेलीं शस्त्रें मांडलेलीं असत. तीं आतां तेथें नाहींत.

प्रवेशद्वारावरील शिलालेख मात्र जागेवर आहे, आणि मराठी माणसानें थांबून वाचावयाचें तें हेंच. मलबार किनाऱ्यावरील सेव्हर्नड्रूगचा किल्ला २ एप्रिल १७५५ रोजीं जेम्सच्या श्रेष्ठ पराक्रमामुळें व कुशल वर्तनामुळें पडला, असा त्याचा आशय आहे. किल्ला कोणाचा होता ह्याचा त्यांत उल्लेख नाहीं. ह्या मोहिमेंत इंग्रजांच्या जोडीला कोण होतें ह्याचाहि नाहीं. हा मौनाचा भाग आपण आपल्यापुरता भरून काढला पाहिजे, आणि तो भरतांना मन फारसें प्रसन्न राहत नाहीं.

किल्ला तुळाजी आंग्र्याचा होता. कान्होजी १७२९ मध्यें वारल्यावर आंग्र्यांच्या घरांत फूट पडली. पुढें विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग हाताशीं असलेला तुळाजी इंग्रजांस तर जुमानीत नसेच, पण पेशव्यांसहि जुमानीनासा झाला. तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं मार्च १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. पेशव्यांचे कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव ह्यांनीं जमिनीवरून वेढा घालावयाचा आणि इंग्रजांनीं समुद्र अडवावयाचा, असा बेत ठरला. जेम्स ‘प्रोटेक्टर’ नांवाचें ४४ तोफांचें जहाज व आणखी तीन जहाजें घेऊन निघाला, आणि मराठ्यांचें आरमार चौलाकडून येऊन त्यास मिळालें. किल्ल्यावर स्वतः हल्ला करून जहाजें धोक्यांत घालूं नयेत, अशी जेम्सला वरिष्ठांची ताकीद होती. परंतु किनाऱ्यावरील वेढा सावकाशीनें चाललेला पाहून त्यानें ती ताकीद बाजूस ठेवली व आपलीं जहाजें तटाजवळ नेलीं. एका बाजूनें मारा करून पाहिला. तेथें तट कातळांतच खोदलेला, गोळे व्यर्थ जात. मग त्यानें बाजू बदलली. एक गोळा आंत पडून आग लागली, ती दारूच्या कोठारास जाऊन भिडली, आणि किल्ला हातचा गेला. इंग्रज इतिहासकार मराठ्यांच्या संथपणाची येथें चेष्टा करितात. ती सर्वस्वी खोटी आहे असें म्हणवत नाहीं. तरी किनाऱ्यावरचे वेढे नसते, तर जेम्सला केवळ चार जहाजांवर हें साधलें असतें कीं काय, ह्याची शंकाच आहे.

करारानुसार सुवर्णदुर्ग पुढें पेशव्यांकडे आला व बाणकोट इंग्रजांस मिळाला. पेशव्यांच्या दृष्टीनें एक दांडगा सरदार वठणीवर आला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं वॉटसन व क्लाइव्ह ह्यांच्या माऱ्यांत आंग्र्यांचें आरमार जळालें, आणि कान्होजीनें जमविलेला समुद्रावरचा दरारा त्याबरोबर गेला. धुळपांनीं पुढें पराक्रम केला हें खरें. १७८३ सालीं, म्हणजे जेम्स वारला त्याच वर्षीं, आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज पकडलें. पण इंग्रजांनीं किनाऱ्यानें जातांना भ्यावें असा काळ परत आला नाहीं. आपल्या भावाचें पारिपत्य परक्याच्या हातून करून घेण्याची ही किंमत होती. तुळाजी तर मरेपर्यंत कैदेंतच राहिला.

निरुपयोगी म्हणून बांधलेला हा बुरूज पुढें उपयोगासहि आला. जनरल विल्यम रॉय ह्यांनीं ग्रीनिच व पॅरिस येथील वेधशाळांमधील अंतर त्रिकोणमितीनें मोजलें, तेव्हां ह्या बुरुजावर त्यांचें मापनयंत्र मांडलें होतें. १९२२ मध्यें लंडन कौंटी कौन्सिलनें तो विकत घेतला व तेथें चहाचें दुकान चालूं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या टेहळणीसाठीं तो वापरला गेला. त्यानंतर त्याची आबाळ झाली, आणि १९८८ मध्यें दारेंखिडक्या फळ्यांनीं बंद झाल्या. तो एका व्यवसायिकास कचेरीसाठीं देण्याचा विचार निघाला, तेव्हां आसपासच्या रहिवाशांनीं एकत्र येऊन संस्था काढली, कित्येक वर्षें निधि जमविला, आणि २०१४ च्या जुलैंत बुरूज दुरुस्त होऊन लोकांस पुन्हा खुला झाला. त्यांचा सुवर्णदुर्गाशीं कसलाहि ऋणानुबंध नव्हता. आपल्या वाडीतली जुनी वास्तु पडूं नये, एवढीच त्यांची इच्छा.

वुलिच स्थानकापासून बसनें टेकडीवर जातां येतें. बुरूज आठवड्याच्या ठराविक दिवशींच उघडा असतो, म्हणून आधीं चौकशी करून निघावें. माथ्यापर्यंत ८६ पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनीं तळमजल्यावर चहा घेत बसण्यास हरकत नाहीं. गच्चीवरून एकीकडे थेम्सचें वळण व शहरांतील उंच इमारती, तर दुसरीकडे केंटचा हिरवा मुलूख दिसतो. समुद्र मात्र कोठेंहि दिसत नाहीं.

मूळ सुवर्णदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यांत दापोलीजवळ आहे. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत त्याचेंहि नांव आहे. दरवाज्याच्या उंबऱ्यावर कोरलेलें कांसव आणि भिंतीवरचा मारुति अद्याप आहेत. हर्णैच्या बंदरांतून कोळ्यांच्या होडीनें तेथें जातां येतें. पावसाळ्यांत होड्या बंद असतात.