ट्रॅव्हलर की ट्रक? आधी वजन करा, मग ॲडव्हान्स द्या

ज्यांना ऐकायला वेळ नाही पण बसमध्ये उभ्याउभ्या वाचायला जमतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे कसंय ना' काढून टाकलेत. बाकी जवळपास तसंच आहे.

नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नवरा-बायको दोघंही आयटीत, दोघांचं काम घरून. फ्लॅटच्या डाऊनपेमेंटसाठी साठवलेले पैसे आहेत आणि ते मोडून एक वर्ष चाकांवरच्या घरात राहायचा बेत आहे. उन्हाळ्यात स्पिती आणि लडाख, थंडीत कच्छ. प्रश्न असा की टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करायचा, की ट्रकच्या चासीवर मोठी फोर बाय फोर गाडी बांधायची, यूट्यूबवर जर्मन लोकांकडे दिसते तशी? शेवटचं वाक्य होतं, "पुढच्या शुक्रवारी ॲडव्हान्स द्यायचाय भावा, त्याच्या आत सांग."

तर भावा आणि वहिनी, माझं उत्तर ट्रॅव्हलर. पण नुसतं उत्तर ऐकून पैसे देऊ नका. कारणं ऐका आणि ती तुम्हाला लागू होतात का बघा.

आधी त्या जर्मन गाड्यांबद्दल. जर्मनीत बाड किसिंगेन नावाच्या गावात अशा गाड्यांची दरवर्षी मोठी जत्रा भरते. तिथला राजा म्हणजे मर्सिडीजची युनिमॉग. तिला पोर्टल ॲक्सल असतात, म्हणजे चाकाच्या हबमध्ये वेगळे गिअर बसवून ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचललेला असतो. त्यामुळे पोटाखालून मोठा दगड आरामात जातो. वर घराची पेटी, पाण्याची आणि डिझेलची मोठी टाकी. किंमत कित्येक लाख युरो. ही गाडी बनते सहारासाठी, मंगोलियासाठी. जिथे पुढचा पंप आणि पुढचं पाणी शेकडो किलोमीटर लांब असतं, तिथे ती चैन नसते, गरज असते.

आता आपला हिमालय बघा. काझ्याला मी हिमाचल परिवहनच्या, म्हणजे एचआरटीसीच्या, बसने गेलोय. साधी टू-व्हील ड्राइव्ह बस, मागे पोत्यांचा ढीग, ड्रायव्हरच्या तोंडात विडी. ग्रांफूच्या पुढे रस्ता नावापुरता, बाताळच्या आसपास नाले थेट रस्त्यावरून वाहतात, मग कुंझुम ला. बस गेली. दिल्लीहून लेहला जाणारी त्यांचीच बस हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापते, बारालाचा ला ओलांडते, गाटा लूप्सची २१ वळणं घेते. तीसुद्धा फोर बाय फोर नाही. त्या रस्त्यांवर बस जाते ती ड्रायव्हरच्या अंदाजामुळे आणि वेळेच्या शिस्तीमुळे. बर्फ दिवसा वितळतो आणि दुपारी नाल्यांना पाणी चढतं, म्हणून नाले सकाळी लवकर ओलांडायचे. ही सवय फुकट आहे आणि ट्रान्सफर केसपेक्षा जास्त कामाची आहे.

तिकडे खरी अडचण असते रुंदीची. ट्रकवर बांधलेली पेटी अडीच मीटरच्या आसपास रुंद होते. समोरून आर्मीचा ताफा आला आणि एका बाजूला दरी असली की प्रत्येक फूट मोजावा लागतो. गावातल्या गल्ल्या आणि वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा वेगळ्याच. आणि परत आल्यावर ती सोसायटीत कुठे लावणार? सेक्रेटरी काकांना ट्रॅव्हलर एकवेळ पटेल. (पटणार नाही. पण वाद तरी घालता येईल.)

कच्छच्या रणात तर जड गाडीचा उलट तोटा आहे. वर मिठाची पांढरी खपली, खाली चिखल. खपली फुटली की टायर आत. हलकी गाडी ढकलून, खाली फळ्या घालून, टायरची हवा कमी करून निघते. सात टनांची रुतली तर क्रेनची वाट बघा.

आता मुख्य मुद्दा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इंस्टाग्रामवर यावर कोणीच बोलत नाही. वजन.

प्रत्येक गाडीच्या कागदावर जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे माणसं, सामान, पाणी धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं बजेट. फोनच्या स्टोरेजसारखंच आहे हे. ६४ जीबीच्या फोनमध्ये ६४ कधी मिळतात का?

एका मित्राच्या गाडीसाठी मी स्प्रेडशीट केलं होतं, तसंच इथे करून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल धरा, तुमचे तुमच्या गाडीवरून घ्या. समजा जीव्हीडब्ल्यू ४,००० किलो आणि सीट काढलेली गाडी २,५५० किलो. उरले १,४५०. प्लायवूडचं फर्निचर ३००. इन्सुलेशन आणि आतले तक्ते १००. बॅटरी, सोलर, इन्व्हर्टर १००. पाणी १५० लिटर, म्हणजे बरोबर १५० किलो. फ्रिज, शेगडी, सिलिंडर ७०. तुम्ही दोघं १४०. कपडे, भांडी, अन्न, हत्यारं १५०. बाहेरचं छत आणि कॅरियर ६०. जादा टायर आणि जॅक ५०. बेरीज १,१२०. शिल्लक ३३०. छान.

आता मेसेजमधली यादी. "मागे दोन बाइक लावू आणि पाणी ३०० लिटर ठेवू." दोन बाइक म्हणजे साधारण ३०० किलो, जादा पाणी १५० किलो. शिल्लक ३३०, मागणी ४५०. गाडी १२० किलोने ओव्हरलोड. त्यातही बाइक मागच्या ॲक्सलच्या मागे लटकणार, म्हणजे तरफ झाली. पुढची चाकं हलकी होतात, आणि उतारावर तुम्हाला स्टिअरिंग आणि ब्रेकसाठी नेमकी तीच हवी असतात.

इथे बरेच जण म्हणतात, मग ट्रकच घेऊ, भरपूर वजन झेपतं. झेपतं, खरंय. पण जागा मिळाली की सामान वाढतं. वॉशिंग मशीन येतं, मोठा एसी येतो, एसीसाठी जनरेटर येतो. ॲव्हरेज ट्रॅव्हलरच्या निम्म्यावर येतं. वर्षभराचं डिझेल मांडून बघा. डाऊनपेमेंटमधलं जे काही नंतर उरावं असं वाटतंय, ते इथेच जातं.

तरीही ट्रकच बांधायचा असेल तर फॅब्रिकेटरला एक प्रश्न विचारा, "पेटी चासीला कशी जोडणार?" ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पट्ट्यांची शिडी. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की ती पिळली जाते, आणि ती तशी पिळली जावी म्हणूनच बनवलेली असते. तिच्यावर कडक पेटी घट्ट आवळली तर पिळायला जागा उरत नाही. मग पेटीचे कोपरे फाटतात, दारं अडकतात, छतातून पाणी येतं. म्हणून मध्ये वेगळी सबफ्रेम लागते, तीन-चार ठिकाणी स्प्रिंगवर किंवा फिरत्या सांध्यावर टेकलेली. समोरचा "यू-बोल्ट मारून टाकू, कुठे जातंय" म्हणाला तर चहा प्या आणि निघा.

दुरुस्तीचं बघा. ट्रॅव्हलर ही पुण्याच्याच फोर्स मोटर्सची. शाळेची बस तीच, अँब्युलन्स तीच, अष्टविनायकाला जाणारी गाडीही तीच. तालुक्याच्या गावाला तिचा मेकॅनिक आणि पार्ट मिळतात. साध्या ट्रकचेही हायवेवर मिळतात, त्यात तो मागे नाही. पण लिलावातल्या जुन्या फोर बाय फोरची ट्रान्सफर केस गेली तर पार्ट येईपर्यंत मुक्काम तिथेच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. आरसीवर अजून 'बस' आणि आत बेड-किचन असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट त्याच्यावर ठेवेल. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही वेगळी नोंद असते, ती करून घ्या. आणि ट्रक साडेसात टनांच्या वर गेला तर तुमचं कारचं लायसन्स पुरणार नाही.

थंडीबद्दल एकच. लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी असते, इन्व्हर्टरच्या जुन्या ट्यूब्युलरच्या निम्म्याहून कमी वजनाची, म्हणून तीच घ्या. पण ती शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, खराब होते. तेव्हा ती गाडीच्या आत ठेवा, खाली चासीला लटकवू नका.

मग मोठी गाडी कोणी घ्यावी? ज्यांना देशाबाहेर पामीर, मंगोलिया असं महिनोन्‌महिने फिरायचंय, ज्यांच्याबरोबर मुलं आहेत, ज्यांना आठवडाभर कुठल्याही गावाचं तोंड बघायचं नाही. तुमचं तसं नाही. तुम्हाला रोज सकाळी स्टँडअप मीटिंग आहे. नेटवर्क असेल तिथेच तुम्ही थांबणार, आणि जिथे फोर-जी पोचतं तिथे बहुतेक वेळा ट्रॅव्हलरही पोचते. (लडाखला जाण्याआधी सिम पोस्टपेड करून घ्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही.) वर्षातले जे पाच-सहा दिवस खरंच फोर बाय फोर लागेल, तेव्हा कॅम्पर काझ्यात लावा आणि तिथली जीप भाड्याने घ्या.

शुक्रवारच्या आधी एवढं करा. दोन-तीन दिवस एखादी तयार कॅम्पर भाड्याने घ्या आणि दोघांनी आत बसून पूर्ण दिवस ऑफिसचं काम करा, एकाच वेळी दोन कॉल. आणि जी गाडी बघून ठेवलीय ती रिकामीच जवळच्या धर्मकाट्यावर न्या, पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा. ती पावती मला व्हॉट्सॲपवर पाठवा, स्प्रेडशीट मी भरून देतो.