कोरड्या जमिनीवरची लाट

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आणि कोथरूडहून निघालेल्या माणसाला ताम्हिणी घाट उतरून समुद्र दिसायला चार तास तरी लागतात. अशा ठिकाणी राहून लाटेवर फळी टाकून तीवर उभे राहण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, घरात शिकता येतो असे म्हटले तर ऐकणारा हसणारच. ‘पुणेकरांना पोहणेसुद्धा व्याख्यान ऐकून येते,’ अशी थट्टा माझ्या कोकणातल्या आतेभावाने केलीच. पण गेले काही महिने आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हा सराव चालू आहे, आणि तो पाहून माझे मत असे झाले आहे की, ह्यात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

सराव करतो माझा सतरा वर्षांचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत त्याला मित्रांबरोबर मुळकीला जायचे आहे. कर्नाटकात मंगळूरच्या उत्तरेला हे गाव आहे. जॅक हेब्नर ह्या मूळच्या अमेरिकन संन्याशाने २००४ च्या सुमारास तिथे आश्रम थाटला आणि आसपासच्या मुलांना लाटेवर उभे राहायला शिकवले. भारतात ह्या खेळाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

कोरड्या सरावाची कल्पना आपल्याला मात्र परकी नाही. मल्लखांब म्हणजे तरी काय? कुस्तीतला प्रतिस्पर्धी बाजूला काढून त्याच्या जागी रोवलेला लाकडी खांब! दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ह्या विद्येला नवे जीवन दिले, आणि पुढे सरावाचे साधन हाच एक स्वतंत्र खेळ झाला. तिकडे कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात नेमके हेच घडले. समुद्र शांत असेल त्या दिवशी करायचे काय, म्हणून सर्फिंगवाल्या पोरांनी फळीला चाके लावून रस्ता गाठला, आणि त्यातून स्केटबोर्ड रुजला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये समुद्रावरचा मूळ खेळ आणि रस्त्यावरचा त्याचा धाकटा भाऊ, दोघांनीही एकदमच प्रवेश केला.

आता आमच्या हॉलमधली लाट पाहा. फरशीवर खडूने फळीएवढा लांबट आकार काढलेला आहे आणि मधोमध एक रेघ. पोटावर पालथे पडायचे, तळवे बरगड्यांच्या बाजूला टेकवायचे, मान वर. मग हातांनी अंग उचलून एका झटक्यात पुढचे पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये आणायचे आणि गुडघे वाकवून आडवे, म्हणजे कुशीच्या दिशेने पुढे पाहत, उभे राहायचे. पुढचा पाय कोणता, हे ठरवण्याची युक्ती सोपी आहे. पाठीमागून कोणीतरी हलकेच ढकलावे. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो बहुधा पुढचा. गुडघा टेकून टप्प्याटप्प्याने उठण्याची सवय मात्र लावून घ्यायची नाही, कारण लाट तेवढा वेळ थांबत नाही. पन्नाशीच्या मीही चटईवर हे करून पाहिले. तेव्हा कळले की, जमिनीवरून एका दमात उठणे हेच मोठे काम आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर येऊन हसत म्हणाले, “वहिनी, दुपारी एक ते चार तेवढी भरती आवरा.”

पण जमीन हलत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. सर्फिंग करणाऱ्यांच्या वेळेचा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मागे सारण्यात जातो, बराचसा लाटेची वाट पाहण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर उभे राहणे शेकडा दहाहूनही कमी. आमच्या हॉलमध्ये सराव चालतो तो ह्या दहातल्या पहिल्या क्षणाचा. उरलेले सारे पाण्याचे आहे.

आणि पाणी क्षमा करत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते वृत्त वाचताना पुण्यातल्या कितीतरी आयांच्या पोटात गोळा आला असेल. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी परत जाताना कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. फसवे असे की, तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे आणि मग परतावे. हे सारे कोथरूडमध्ये बसून समजून घेता येते, तेव्हा तोही कोरडा सरावच. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते कोळी लोकसुद्धा पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, ह्यातले शहाणपणही घरी बसूनच शिकायचे.

हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आई, अगं फळी पायाला दोरीने बांधलेली असते. बुडणार कसा?”

“आणि दोरी तुटली तर?” मी विचारले. त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आमच्यात तह झाला. हॉलमधला सराव चालू राहील. त्यात पडण्याचाही सराव हवा, म्हणजे डोके हातांनी झाकून अंग सपाट टाकायचे, सूर मारायचा नाही. तिथल्या शिक्षकांनी नको म्हटले त्या दिवशी पाण्यात पाऊल टाकायचे नाही. आणि मुळकीचे तिकीट काढायचे ते तलावात न थांबता पाचशे मीटर पोहून दाखवल्यावरच.

ह्या खटाटोपाचा उपयोग काय, असे आतेभाऊ अजूनही विचारतो. मला वाटते, उपयोग एवढाच की, पाय कुठे ठेवायचा हे अंगाला आधीच ठाऊक असेल, तर नजर पायांकडे न जाता समुद्राकडे राहील. नवखा माणूस पायांकडे पाहतो आणि पडतो. गाणाऱ्याने घरी सूर घोटायचे ते ह्यासाठीच, की मैफलीत त्याला सुरांची नव्हे, गाण्याची काळजी करता यावी.

तूर्त आमची मजल साडेतीनशे मीटरांपर्यंत गेली आहे. तिकीट अजून काढलेले नाही.