दाढ काढली; हाडाचे काय?

दाढ काढली की दुखणे संपते आणि दंतवैद्याकडच्या फेऱ्याही संपतात. मागची दाढ कोणाला दिसते, दुसऱ्या बाजूने चावता येतेच, असे म्हणत आपण ती जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवतो. पुढे इम्प्लांट बसवण्याचा विचार होतो, तेव्हा उत्तर मिळते : ‘येथे पुरेसे हाड उरलेले नाही, आधी ते भरावे लागेल.’

दाताच्या मुळाभोवतीचे हाड दातासाठीच असते. चावताना मुळावाटे मिळणारा ताण थांबला, की शरीर ते शोषून घेऊ लागते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक होते. वर्षभरात तेथील हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या भोवती सर्व बाजूंनी किमान १ ते १.५ मिलिमीटर हाड लागते. वरच्या दाढांची अडचण निराळी. त्यांच्यावर सायनसची पोकळी असते आणि दाढ गेल्यावर ती खाली पसरते. मग पोकळीचे नाजूक अस्तर अलगद उचलून त्याखाली हाडाची भर घालावी लागते.

ही भर येते कोठून? हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून आपलेच हाड घेता येते; पण त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते. म्हणून पुष्कळदा तयार कण वापरतात. ते मृत दात्यांच्या हाडापासून, गोवंशाच्या हाडापासून किंवा कृत्रिम रीतीने बनवलेले असतात. त्यांवर अंथरायचा पडदाही अनेकदा प्राणिज कोलॅजनचा असतो. कित्येक घरांत हा प्रश्न श्रद्धेचा आहे. तो संकोचाने गिळू नका. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच स्पष्ट विचारा. कृत्रिम कणांचा पर्याय असतो.

हे कण म्हणजे आयते हाड नव्हे. मांडवावर वेल चढावी तसे आपले हाड त्यांच्या आधाराने वाढते. त्याला साधारण ४ ते ६ महिने लागतात, भर मोठी असल्यास अधिक. ‘आठवड्यात सगळे करून देतो’ असे ऐकलेत, तर जबड्याचा सीबीसीटी स्कॅन समोर ठेवून हाडाची मापे समजावून मागा.

दाढ काढण्याच्या दिवशीच त्या खड्ड्यात कण भरले, तर झीज बरीच कमी होते. तेव्हा इम्प्लांटचा विचार असल्यास तो आधीच बोलून दाखवा. अर्थात हा खटाटोप प्रत्येकाने करावाच असे नाही. कवळी लावून भाकरी सुखाने चावणाऱ्या आजोबांना तो सुचवण्याचे कारण नाही.

मधुमेह ताब्यात नसेल, धूम्रपान, तंबाखू वा मिश्री सुटली नसेल, तर भरलेले हाड न धरण्याचा धोका वाढतो. हाडांच्या ठिसूळपणावर बिसफॉस्फोनेट गटातील गोळ्या किंवा इंजेक्शने घेत असाल, तर तेही दंतवैद्याला सांगा. या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरून येत नाही. ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका.