बेताच्या खर्चात समाधानाची पंगत

सुगीचे दिवस आले की खेड्यात माणसाला माणसाची गरज अधिक भासते. ज्वारी वाळून उभी असते, आकाशात ढग दिसू लागतात आणि एका घराचे हात पुरे पडत नाहीत. अशा वेळी शेजारी मदतीला येतात. महाराष्ट्रात ही रीत फार जुनी आहे. परस्परांच्या शेतावर आळीपाळीने राबण्यास सावड म्हणतात. एखाद्याच्या नांगरणीसाठी इतरांनी आपापली औते व बैल घेऊन यावे, मोबदला घेऊ नये आणि त्या घरधन्याने सर्वांना पोटभर जेवू घालावे, या प्रथेस इर्जिक असे नाव आहे. आज बैल कमी झाले व बहुतेक नांगरणी ट्रॅक्टरने होऊ लागली. तथापि अडलेल्या घरास शेजाऱ्यांनी हात द्यावा आणि त्या घराने त्यांना प्रेमाने जेवू घालावे, ही भावना मात्र मावळलेली नाही.

अडचण येते ती येथेच. ज्या घराला मदतीची गरज पडते, त्या घराची स्थिती बहुधा ओढगस्तीची असते. मग उपकार फेडण्यासाठी उधारी करून पंगत उठवली जाते आणि मित्रांनी वाचवलेल्या पिकातील वाटा दुकानदाराच्या खात्यावर जमा होतो. मित्रांचे मन राखावे आणि घरही राखावे, हे दोन्ही एकाच वेळी कसे साधेल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दोष पंगतीचा नव्हे

शेतकरी सणासमारंभांवर उधळपट्टी करतो व म्हणून कर्जात बुडतो, असे म्हणण्याची चाल पूर्वीपासून आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने या आक्षेपाचाही विचार केला. लग्नकार्ये व सण यांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा त्या आयोगाचा अभिप्राय पडला. असे प्रसंग क्वचितच येतात. अनेक वर्षांचा हिशेब पाहता माणसाने सामाजिक सुखासाठी इतके खर्चणे गैर नाही, असेही त्याने नमूद केले. तेव्हा मित्रांना जेवावयास बोलावणे हा काही अपराध नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. संत गाडगे महाराज आपल्या कीर्तनांतून लोकांना बजावून सांगत की, ऋण काढून सण करू नका. वाचलेला पैसा मुलांच्या शिक्षणास लावा. ज्यांनी स्वतः गावोगाव अन्नदान घडवून आणले, त्यांनीच हा उपदेश केला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अन्न द्यावे, पण ते कर्जाचे नसावे, हाच त्याचा मथितार्थ होय.

एका घराचे उदाहरण

समजुतीसाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. पाच एकर जिरायत जमीन, रब्बी ज्वारी हेच मुख्य पीक. काढणीच्या ऐन वेळी घरधन्याच्या पायाला दुखापत झाली. शेजारपाजारच्या बारा स्त्री-पुरुषांनी तीन दिवस खपून ज्वारी काढली, कणसे खुडली आणि खळ्यावर आणून टाकली. कोणी मजुरी घेतली नाही. दुकानदाराचे मागील देणे अद्याप फिटलेले नाही. अशा स्थितीत खाटेवर बसून घरधनी म्हणतो, “एक बोकड आणू आणि दोन-तीन किलो जिलेबी सांगू. माणसांनी एवढे केले, त्यांना भाकरी-आमटीवर कसे बोळवायचे?”

घरधनीण म्हणते, “अहो, ती माणसे आपले पीक वाचवायला आली. तेच पीक विकून त्यांना जेवू घातले, तर त्यांच्या मेहनतीचे काय राहिले? आधी घरात काय आहे ते बघू या. मग ठरवा.”

तिच्या या वाक्यात काटकसरीच्या पाहुणचाराचे सारे शास्त्र आलेले आहे. बहुधा आपण प्रथम पदार्थ ठरवतो आणि मागाहून सामान जमवतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम घरातील व शेतातील सामान पाहावे आणि त्यातून पदार्थ ठरवावेत.

तीन याद्या

कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्यात घरचे सामान लिहावे, दुसऱ्यात विकत घ्यावयाचे आणि तिसऱ्यात शेजाऱ्यांकडून मागून आणावयाच्या वस्तू, म्हणजे मोठे पातेले, परात, ताटे व तवा. उदाहरणातील घरात ज्वारी, तूर, भुईमुगाच्या शेंगा, परड्यातील वांगी, मेथी, मुळा, कांदे, मिरच्या आणि एका म्हशीचे दूध एवढे निघाले. तेल, गूळ, तांदूळ, मीठ व चहाचे सामान विकत घ्यावे लागणार होते.

येथे दोन इशारे देणे अवश्य आहे. घरचे धान्य म्हणजे फुकटचे धान्य नव्हे. बाजारात त्याचे जे मोल येईल ते हिशेबात धरलेच पाहिजे. मात्र त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही व व्याज चढत नाही, हा त्याचा मोठा गुण. दुसरे असे की, पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यास आणि पुढील सुगीपर्यंतच्या पोटगीच्या धान्यास पंगतीसाठी स्पर्श करू नये. त्यांवर त्या घराच्या पुढील वर्षाची भिस्त असते.

पानांची मोजदाद

अंदाजपंचे स्वयंपाक केला की एक तर अन्न वाया जाते किंवा ऐन वेळी तारांबळ उडते. म्हणून पाने मोजावीत. राबलेली माणसे बारा, घरची व सोबत येणारी इतर मोठी माणसे आठ आणि मुले पाच, अशी एकूण पंचवीस पाने धरू. कष्टाचे काम करणाऱ्यास तीन भाकरी, इतरांस दोन आणि लहान मुलास एक, असा हिशेब केला तर ३६ अधिक १६ अधिक ५, म्हणजे ५७ भाकरी होतात. हाताशी असाव्यात म्हणून ६० धराव्यात. मध्यम आकाराच्या एका भाकरीस सुमारे १०० ग्रॅम पीठ लागते. त्यावरून सहा किलो पीठ पुरेल. उरलेल्या पदार्थांचे प्रमाण येणेप्रमाणे धरावे:

मेथी घालून केलेली आमटी: तूरडाळ ९०० ग्रॅम, मेथीच्या चार-पाच जुड्या.
वांग्याचे भरीत: वांगी ३ किलो, कांदे अर्धा किलो.
मोकळा भात: तांदूळ १ किलो.
दाण्याचा लाडू, प्रत्येकी एक: शेंगदाणे ५०० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम.
लसणाची चटणी व मिरचीचा ठेचा: शेंगदाणे पाव किलो, लसूण व मिरच्या बेताने.
ताक: सव्वा लिटर दह्यात अडीच लिटर पाणी घुसळून प्रत्येकी एक फुलपात्र.
तोंडी लावण्यास मुळा, गाजर, कांदा मिळून २ किलो.
सर्व स्वयंपाकास मिळून तेल सुमारे ४०० ग्रॅम.

या ताटात पोषणाची बाजूही लंगडी नाही. तृणधान्यातील प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तर डाळींत मेथिओनीन कमी असते. भाकरी व आमटी एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. मेथी, मुळा व गाजर यांतून जीवनसत्त्वे मिळतात. ज्या घरी मांसाहार चालतो व कोंबड्या पाळलेल्या आहेत, तेथे आठवडाभर अंडी साठवून प्रत्येकी एका अंड्याचा रस्सा करता येईल. विकतच्या मटणापेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडतो.

एखादा पदार्थ खास असावा, ही यजमानाची इच्छा रास्त आहे. त्यासाठी पैसाच लागतो असे मात्र नाही. हातावरची भाकरी तव्यावरून थेट पानात पडणे, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा खमंग वास येणे, ताक त्याच दिवशी घुसळलेले असणे, यांची बरोबरी शिळी जिलेबी करू शकत नाही. ज्वारी हुरड्यात असताना, म्हणजे पौषाच्या सुमारास, मित्रांना बोलवावयाचे असेल तर आगटीवर भाजलेला हुरडा, चटणी, गूळ व दही एवढ्यावरच उत्तम मेजवानी होते. मात्र ज्या शेतावर अलीकडे कीटकनाशक फवारले असेल, तेथील कणसे हुरड्यासाठी मुळीच खुडू नयेत.

कामाचा क्रम

कामाची आखणी नीट असेल तर सरपणही वाचते. आदल्या दिवशी दळण आणावे, दाणे भाजून लाडू वळावेत, चटणी कुटून ठेवावी आणि रात्री विरजण लावावे. जेवणाच्या दिवशी दुपारी डाळ अर्धा तास भिजवावी. भिजलेली डाळ लवकर शिजते. आमटी व भात चुलीवरून उतरले की त्याच निखाऱ्यांवर वांगी भाजावीत. वेगळा जाळ करू नये.

भाकरीचे काम सर्वांत वेळाचे. एका भाकरीस दोन मिनिटे धरली तरी साठ भाकरींना एका तव्यावर दोन तास लागतात. दोन चुली व दोन तवे असतील तर हेच काम तासात आटोपते. म्हणून शेजारणीकडून तवा मागून आणावा आणि शेजारीण स्वतःही आली तर अधिकच बरे.

या ठिकाणी पुरुषवर्गास एक गोष्ट सांगावीशी वाटते. पंगतीच्या खर्चात घरच्या स्त्रीचे श्रम सहसा कोणी लिहीत नाही. ती धुरात बसून सर्वांना वाढते आणि शेवटी जे उरेल त्यावर स्वतःची भूक भागवते. पैसा वाचला, पण तिचे पान रिकामे राहिले, तर ती काटकसर नव्हे. पाणी आणणे, भाजी चिरणे, ताक घुसळणे, वाढणे व भांडी घासणे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी वाटून घ्यावीत. तिच्या वाटणीच्या भाकरी व लाडू आधीच बाजूला काढून ठेवावेत आणि दुसऱ्या पंगतीला तिने सर्वांबरोबर पानावर बसावे.

स्वच्छता आणि उरलेले अन्न

एका जेवणाने पंचवीस माणसे आजारी पडू नयेत, ही यजमानाची जबाबदारी आहे. पिण्याचे पाणी गाळून, उकळून व झाकून ठेवावे आणि ते ओगराळ्याने काढावे. ताक, चिंच घातलेली आमटी किंवा कोणताही आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. धातू अन्नात उतरून ते बाधते. भात उरल्यास रात्रभर उघड्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना देऊ नये. उन्हाळी दिवसांत त्यात विष तयार होऊ शकते व ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भाकरी मात्र दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून खाता येते.

पानात थोडे थोडे व पुनःपुन्हा वाढावे. आग्रह करावा, पण पानावर टाकून देण्याइतका करू नये. पळसाच्या पत्रावळी मिळाल्यास त्या वापराव्यात, नाहीतर धुतलेली ताटे उत्तम. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पत्रावळी उकिरड्यावर पडतात, अन्नाच्या वासाने जनावरे त्या खातात आणि पोटात गोळा होऊन दगावतात.

हिशेब

जेवणे झाल्यावर दुसऱ्या दिवशी जमाखर्च लिहून ठेवावा. किती पाने उठली, काय कमी पडले, काय उरले आणि रोख किती गेली, एवढ्या चार ओळी पुरेत. पुढील प्रसंगी त्यांचा फार उपयोग होतो. उदाहरणातील घरात विकत आणावे लागले ते तेल, तांदूळ, गूळ, मीठ आणि पंचवीस कप चहासाठी ७५ ग्रॅम पूड व पाव किलो साखर एवढेच. बोकड व जिलेबी यांसाठी जी उधारी झाली असती, ती टळली आणि जुन्या देण्यातील काही भाग त्याच आठवड्यात फेडता आला.

घरधन्याच्या मनातील शंका मात्र हिशेबाने फिटण्याजोगी नव्हती. भाकरी-आमटीवर मित्र काय म्हणतील, ही ती शंका. तिचे उत्तर मित्रांच्या स्वतःच्या स्थितीत आहे. मदतीला आलेली माणसेही बहुधा तशाच जिरायत जमिनीची धनी असतात. आज त्यांच्यापुढे बोकडाची पंगत मांडली, तर उद्या त्यांच्यावर अडचण आली असता त्यांनाही तेवढाच खर्च करावा लागेल. तो झेपणार नाही म्हणून ती मदत मागण्यासच संकोचतील. ज्या गावात पंगत महाग होते, तेथे सावड मोडते. याउलट एका घराने साधे व पोटभर जेवण घातले की, दुसऱ्या घरालाही शेजाऱ्यांना हाक मारण्याचा धीर येतो.

म्हणून येत्या सुगीत आपल्या गावातील पाच-दहा घरांनी एकत्र बसून एवढा एकच ठराव करावा: मदतीच्या दिवशीचे जेवण घरच्या धान्याचे असेल, त्यात एकच गोड पदार्थ असेल आणि त्यासाठी कोणीही उधार आणणार नाही. असा ठराव झाला म्हणजे सर्वांत गरीब घरालाही शेजाऱ्यांना मानाने बोलावता येईल.