बोट दिसते, खूण उमगत नाही

रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत आपल्या व्यापारी घराण्यांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. ज्यास ती खूण अवगत नसे, त्यास केवळ बोटांचा स्पर्श कळे. भाव कळत नसे. माझ्या नातवाची अवस्था काहीशी अशीच आहे, हे समजण्यास आम्हांस एक वर्ष लागले.

मी सांगलीस राहतो. मुलीचे घर साताऱ्यास. नातू दोन वर्षांचा असताना मी त्यास गच्चीवरून अजिंक्यतारा दाखवीत असे. तो माझ्या बोटाकडे पाही, किल्ल्याकडे नव्हे. पाणी हवे असल्यास बोट न दाखविता माझे मनगट धरून माठाकडे नेई. पाहुण्यांस हात जोडून ‘जय जिनेंद्र’ करीत नसे. मी त्यास हट्टी ठरविले. ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशी मुलीची समजूतही मीच घातली. पुढे बालविकासतज्ज्ञांनी स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, निदान केले.

सर्वसाधारण बालक वर्षाच्या सुमारास आपण दाखविलेल्या दिशेने पाहू लागते आणि स्वतःही बोट दाखविते. त्यामागे दोन हेतू असतात : ‘ते मला द्या’ आणि ‘ते पाहा, किती छान!’ स्वमग्न बालकांस पहिला हेतू त्या मानाने सोपा जातो. आनंद वाटून घेण्याचा दुसरा हेतू विशेष कठीण जातो. म्हणूनच १६ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी असलेल्या ‘एम-चॅट’ प्रश्नावलीत बोट दाखविण्याविषयी प्रश्न आहेत. अर्थात ती केवळ प्राथमिक चाळणी होय. निदान तज्ज्ञांनीच करावयाचे असते.

आता आम्ही दुरून खुणा करीत नाही. त्याच्या उंचीस येऊन बसतो, वस्तूस बोट टेकवितो, एकच शब्द उच्चारतो आणि थांबतो. तेवढे जमले की बोट व वस्तू यांतील अंतर थोडे वाढवितो. गेल्या महिन्यात त्याने प्रथमच स्वतःचे बोट उचलून माठ दाखविला. किल्ला अजून दूर आहे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. बँकेत असताना थकलेल्या पहिल्याच हप्त्याची आम्ही चौकशी करीत असू. नातवाच्या बाबतीत मात्र मी वर्षभर स्वस्थ बसलो. वाचकांनी तसे करू नये, एवढीच विनंती.