उसाच्या रसाची रंगपरीक्षा

चरकांतून गाळून आलेला उसाचा रस आणि पोत्यांत भरावयाची पांढरी साखर यांच्या दरम्यान जे अनेक संस्कार घडतात, त्यांपैकी बॉयलरांचा गडगडाट आणि पाक आटविणाऱ्या प्रचंड पॅनांची भव्यता पाहुण्यांच्या नजरेत सहज भरते; परंतु ज्या टाकीत रसाला चुना आणि गंधकाचा धूर एकाच वेळी दिला जातो, तिच्या काठाशी ठेवलेल्या, ओळीने खळगे असलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या ताटलीकडे बहुधा कोणाचेही लक्ष जात नाही. माझ्या मते कारखान्याच्या नफ्यातोट्याचा पहिला निवाडा त्या ताटलीवर होतो.

ताजा रस स्वभावतः आम्ल असतो. त्याचा पीएच ५ ते ५.५ च्या आसपास असतो. तो सुमारे ७० अंशांपर्यंत तापवून टाकीत घेतात आणि त्यात चुन्याचे दूध व गंधक भट्टीतील सल्फर डायऑक्साइड बरोबरच सोडतात. दोहोंच्या संयोगाने कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो आणि खाली बसताना रसातील गढूळ द्रव्ये व बराचसा रंग तो आपल्याबरोबर ओढून नेतो. येथे दोन्ही बाजूंनी धोका आहे. रस आम्ल राहिला, तर उष्णतेने साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज निर्माण होतात, म्हणजे जी पोत्यात यावयाची ती साखर मळीत जाते. उलट चुना अधिक पडून रस अल्कधर्मी झाला, तर मूळचेच ग्लुकोज व फ्रुक्टोज करपल्यासारखे नासून रस काळवंडतो आणि साखरेचा दाणा मळकट होतो. म्हणून ७.० ते ७.२ एवढीच काय ती अरुंद वाट.

ही वाट सांभाळणारा जो वयस्क कामगार मी पाहिला, तो नळ किंचित सोडून परीक्षानळीत रस घेई, ती उजेडाकडे धरून साक्याचे कण फुटून वेगळे होतात की नाही आणि मधला द्रव नितळ दिसतो की नाही हे न्याहाळी, आणि मगच नितळलेल्या रसाचा थेंब काचेच्या कांडीने खळग्यातील ब्रोमोथायमॉल ब्लूच्या थेंबात सोडी. ‘‘आबा, निळा वाटतोय,’’ पाळीवरचा तरुण केमिस्ट म्हणाला. ‘‘निळा नाही साहेब, हिरव्याच्या जरा पल्याड सरकलाय. गॅस वाढवतो,’’ असे म्हणत आबांचा हात व्हॉल्व्हकडे गेलासुद्धा. पुढच्या थेंबाचा रंग पाहूनच केमिस्टने नोंदवहीत आकडा मांडला.

त्या हिरव्या रंगाचे मर्म मला फार मोलाचे वाटते. ब्रोमोथायमॉल ब्लू हे स्वतःच एक दुर्बल आम्ल आहे. आम्ल द्रवात त्याचा रेणू अखंड राहतो व पिवळा दिसतो. अल्कधर्मी द्रवात तो आपला एक प्रोटॉन देऊन टाकतो, त्याची अंतर्रचना बदलते व तो निळा दिसतो. पीएच ६ च्या खाली सारे पिवळे, ७.६ च्या वर सारे निळे, आणि ७.१ च्या सुमारास निम्मे रेणू पिवळे व निम्मे निळे असतात. हिरवे असे तिसरे द्रव्य तेथे नसतेच. दोन पक्षांचे बळ समसमान झाल्याची ती ग्वाही असते. हळदीला क्षार लावून कुंकू करण्याची आपली पद्धतही अशाच रंगपालटावर उभी आहे, आणि रॉबर्ट बॉइलने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात आम्लाने तांबडा व अल्काने हिरवा होणारा नीलपुष्पांचा अर्क वर्णिला आहे.

भट्टीतल्या वायूची परीक्षा मात्र रंग नाहीसा होण्यावर चालते. आयोडीनच्या मोजलेल्या द्रावणात थोडा स्टार्च घातला की ते गर्द निळे होते. त्यातून वायूचे बुडबुडे खेचू लागले, की सल्फर डायऑक्साइड शोषला जाऊन आयोडीन खर्ची पडते आणि एका क्षणी निळाई साफ मावळते. तोवर किती वायू खेचला गेला, यावरून त्याचे बळ काढतात. गंधक जळताना हवेतील प्राणवायूची जागा तेवढ्याच आकारमानाचा सल्फर डायऑक्साइड घेतो, म्हणून हे प्रमाण २१ टक्क्यांपलीकडे जाऊच शकत नाही.

आता पीएच मोजणारी यंत्रे आली आहेत व ती हवीतच. तथापि गरम, चुनामिश्रित रसात त्यांच्या इलेक्ट्रोडांवर खपली धरते आणि आकडा बेमालूमपणे चुकू लागतो, तेव्हा पडताळ्याला ताटलीच लागते. पण ताटलीवरील निवाडाही उजेडावर अवलंबून आहे. रस मूळचाच पिवळसर असल्यामुळे निळा झालेला थेंबही हिरवट भासतो, आणि रात्रपाळीत पिवळ्या बल्बच्या प्रकाशात तो आणखीच हिरव्याकडे झुकतो. म्हणजे दोन्ही भ्रम एकाच दिशेने, चुना वाढू देण्याच्या दिशेने, ओढतात. आबा रात्री ताटली उचलून दूरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नेत आणि तेवढ्या वेळात टाकीतून बराच रस पुढे निघून जाई. ज्या जागी शेतकऱ्याच्या उसाचे मोल ठरते, तेथे एक पांढरा दिवा आणि तुलनेसाठी योग्य पीएचच्या हिरव्या द्रावणाची एक सीलबंद नळी हंगाम सुरू होण्यापूर्वीच टांगलेली असावी, ही मागणी कोणत्याही कारखान्याच्या अंदाजपत्रकाला जड नाही.